एकही बाई गाळणार नाही

मयुरीने साडीवर कानबाई देवीची मिरवणूक काढली होती, पदरापासून थेट दुसऱ्या टोकापर्यंत. एकही बाई दुसरीसारखी नव्हती. एकीच्या डोक्यावरचा देवीचा पाट कलला होता, एक हसता हसता पदर सावरत होती, एक म्हातारी मागे राहून नातीला हाक मारत होती. डिंडोलीतल्या तिच्या गल्लीतल्याच बाया त्या.

पर्वत पाटियाजवळच्या छपाईच्या दुकानात ती डिझाइन काढायला होती. तिथला जुना संगणक मात्र ही साडी उघडेचना. मेमरी पुरत नाही, एवढंच पुन्हा पुन्हा सांगे. मालक मगनभाईंनी जास्तीची मेमरी बसवून घेतली, तरी तेच. अडचण छपाईच्या जुन्या प्रोग्रामची होती. शंभरापर्यंतच आकडे शिकलेल्या पोरापुढे पाचशे गोट्या ठेवल्या, तरी ते शंभरावरच थांबणार; तसा हा प्रोग्राम दोन जीबीपलीकडची मेमरी ओळखतच नव्हता. आणि छपाईचं यंत्र दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामचं ऐकत नव्हतं.

दुकान सांभाळणाऱ्या चेतनने सोपा उपाय सांगितला. एकच बाई ठेवायची आणि तीच साडीभर छापायची. संध्याकाळपर्यंत साडी उघडली नाही, तर तो स्वतःच तसं करून टाकणार होता.

"एवढं बारकाईनं बघतंय कोण?"

"नेसणारी बघेल," मयुरी म्हणाली. "मी एकही बाई गाळणार नाही."

दुपारी ती वडिलांचा डबा घेऊन लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात गेली. सुकदेव मागापाशी उभे होते. लहानपणापासून पाहिलेला तो माग आज तिने नव्याने पाहिला. विणलेलं कापड खाली रुळावर गुंडाळलं जात होतं, न विणलेलं सूत मागे बीमच्या मोठ्या रिळावर होतं. समोर उघडं होतं ते फक्त हातभर. ती डबा ठेवून लगेच वळली.

"कसाले इतली घाई, माय?" सुकदेवांनी विचारलं.

"बाया अडकल्यात माझ्या, बाबा."

दुकानात येऊन तिने, ज्या प्रोग्राममध्ये चित्र काढलं होतं त्यातच, पदरापासून पुढे साडीच्या हातभर रुंदीच्या पट्ट्या पाडल्या. छपाईच्या प्रोग्राममध्ये एक उघडायची, छापायला पाठवायची, बंद करायची, मग पुढची. जिथे दोन बायांमध्ये फट, तिथे जोड. एका जागी मात्र बाया इतक्या खेटून चालत होत्या की फट सापडेना. तेवढी एक काढून टाक, चेतन म्हणाला. मयुरीने काढली नाही. त्या बाईच्या अंगावरूनच पट्टी पाडली.

यंत्र सुरू झालं. प्रोग्रामने एकदाही कुरकुर केली नाही. ती बाई आली तेव्हा अर्धीच आली आणि यंत्र थांबलं. चेतन हाताची घडी घालून बघत राहिला. मयुरीने पुढची पट्टी उघडली. उरलेली अर्धी येऊन पहिलीला भिडली.

चेतन कापडावर वाकला. बराच वेळ शोधून त्याने बोट ठेवलं.

"इथं जोड दिसतोय."

मयुरीनेही वाकून पाहिलं. केसाएवढी उभी रेघ दिसत होती, त्या बाईच्या कमरेपासून पावलांपर्यंत; वर ती रंगांत मिसळून गेली होती.

"दिसू दे," ती म्हणाली. "निरी आहे ती तिची."

आणि तिने पुढची पट्टी उघडली.