चाचणीचं नाव

नलिनीनं हातप्रेसचा दांडा खाली ओढला, क्षणभर दाबून धरला आणि सोडला. गुलाबी कागदाच्या तुकड्यावर सोनेरी अक्षरांत तिचंच नाव उमटलं. 'ल'च्या पोटात सोनं भरून गेलं होतं. ठसा फार तापला होता. तिनं बटण बंद केलं.

"वंदनाची माय, पत्रिकेचा मजकूर आनला," दारातून नत्थूजी म्हणाले. हे तिचे थोरले दीर. भावजयीचं नाव त्यांनी उभ्या जन्मात घेतलं नव्हतं.

वंदना नलिनीची एकुलती एक लेक. सौसरचं स्थळ ठरलं होतं. नलिनीनं मजकूर वाचला. खाली 'आपले विनीत' म्हणून नत्थूजी, त्यांची बायको शोभा, मुलगे, सुना होत्या. 'माझ्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारा नत्थूजींचा नातूही होता, जो अजून धड बोलत नव्हता.

"भाऊजी, माह्यं नाव नाही याच्यात."

"पत्रिकेत विधवा बाईचं नाव रायते का? पयली पत्रिका गनपतीपुढं ठेवा लागते. सौसरवाले काय म्हन्तीन? दत्त्याचं टाकलं नं म्या, कैलासवासी लावून."

"म्हंजे मेलेल्याचं चालते."

"तुले समजूनच नाही राहिलं," नत्थूजी म्हणाले.

तिनं दुकानाचे मालक भैय्याजींकडे पाहिलं. आलेल्या गिऱ्हाईकाला 'नलिनीबाईसारखा सोनेरी ठसा नागपूरलेही भेटनार नाही' म्हणणारा हा माणूस. त्यांनी गोंदाची बाटली उगाच पुसायला घेतली. "रीत हाये, नलिनीबाई. म्या काय करू?"

रीत काय, कोणाचीही पाठ राखायला पुरते.

तिचा नवरा दत्तात्रय याच दुकानात पुस्तकांची बांधणी करायचा. आधी कव्हरला अंड्याचा पांढरा बलक लावायचा, त्यावर सोन्याचा वर्ख ठेवायचा आणि शेगडीवर तापवलेली पितळी अक्षरं हातानं दाबायची, असं ते काम. अंडी दुकानात येतात म्हणून शेजारचे नाक मुरडायचे, आणि पोथी बांधायला त्याच्याकडेच द्यायचे. पुढे नागपूरहून चकचकीत सोनेरी पन्नीची रिळं आली आणि विजेवर तापणारा हातप्रेस आला. गरम ठसा पन्नीवर दाबला की तिच्या पाठीचा डिंक वितळतो आणि अक्षरापुरतं सोनं सुटून कागदाला चिकटतं. दत्तात्रय हसायचा. म्हणायचा, "सोनं कायचं व, अॅल्युमिनमले पिवळा रंग देल्ला. लग्नाच्या पत्रिकेले तेवढं पुरते."

प्रेसची गरमी मोजायला काही साधन नव्हतं. मग चाचणीसाठी त्यानं बायकोचंच नाव जुळवलं. 'ल'चं पोट भरलं तर गरमी जास्त, वेलांटी तुटली तर कमी. तो गेल्यावर दांडा नलिनीच्या हाती आला आणि चाचणीचं नाव तेच राहिलं. पांढुर्ण्यातल्या एखाद्या सेठचं नाव सोन्यात उमटलं नसेल इतकं तिचं उमटलं, फक्त ते सगळं रद्दीत गेलं.

संध्याकाळी तिनं वंदनाला सांगितलं.

"राहू दे नं आई," वंदना बांगड्यांचं माप पाहत म्हणाली. "सासरचे नाराज होतीन. एका नावानं काय होते?"

दिराच्या बोलण्यानं नलिनीला राग आला होता. हे मात्र तिला लागलं. ती पोळ्या लाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं पत्रिका छापल्या. शोभाच्या नावाची मात्रा तोडता आली असती, नत्थूजींचं नाव भरून टाकता आलं असतं. तिच्या मनात ते आलंही. पण पत्रिका पोरीची होती, तिनं एकही अक्षर बिघडू दिलं नाही.

गठ्ठे न्यायला नत्थूजी आले तेव्हा त्यांना कोपऱ्यातलं चाचणीच्या तुकड्यांचं पोतं दिसलं. त्यांनी हात घालून चमक पाहिली. चष्मा खिशातच होता.

"बेस कागद हाये. अक्षदाच्या पुड्याले होऊन जाते. विकत कायले घ्याचा?"

सांगावं, असं तिला वाटलं. मग वाटलं, कशाला सांगावं.

"घेऊन जा, भाऊजी," ती म्हणाली. "साराच घेऊन जा."

लग्नात नलिनी मांडवाच्या मागच्या खांबाशी बसली. हळद शोभानं लावली होती, ओवाळलंही शोभानंच. पाहुण्यांच्या हातात अक्षतांच्या पुड्या होत्या. तिच्या पुढ्यातच सौसरकडच्या रजनीबाई बसल्या होत्या, शाळेत शिकवणाऱ्या. त्यांनी पुडी फिरवून पाहिली.

"सोनेरी अक्षरं हो! ही नलिनी कोण?"

"पन्नीच्या कंपनीचं नाव असंन," शोभा म्हणाली आणि तबक घेऊन पुढे गेली.

नलिनी ऐकत होती. 'मी' एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात मंगलाष्टकं सुरू झाली. पुड्या सुटल्या, तांदूळ वर उडाले, कागद खाली पडले. लोक वधूवरांना भेटायला धावले ते त्या कागदांवरूनच.

तिसऱ्या प्रहरी वरात सौसरला निघाली. वंदना गळ्यात पडून खूप रडली. नलिनीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. गाडी सौसरच्या रस्त्याला वळेपर्यंत ती उभी राहिली.

"वंदनाची माय, मांडव झाडून घे जरा," नत्थूजी म्हणाले. "मांडववाला सामान न्याले येऊन राहिला."

तिनं झाडू घेतला. तांदूळ, झेंडूच्या पाकळ्या आणि जागोजागी तिचं नाव, कुठे घडीत चुरगळलेलं, कुठे चपलेच्या चिखलात रुतलेलं. एक गुलाबी तुकडा तेवढा धड राहिला होता. त्यावरच्या 'ल'चं पोट मोकळं होतं, वेलांटी अखंड होती. हाच ठसा पाहून, गरमी नेमकी आली म्हणून, तिनं वंदनाच्या पत्रिका छापायला घेतल्या होत्या.

तिनं तो अंगठ्यानं पुसला, सुपलीतल्या कचऱ्यावर ठेवला आणि पुढचा कोपरा झाडायला घेतला.