मनाचे लिहू नये

आचलने वहीच्या मधल्या पानाच्या दोन पिना नखाने उचकटल्या, जोडपान अलगद काढले आणि पिना पुन्हा दाबून बसवल्या. सायकल स्टँडच्या सिमेंटच्या कट्ट्यावर पान ठेवून तिने समास आखला. विज्ञान भाग दोनचा पेपर सुटून पंधरा मिनिटे झाली होती आणि दहावी 'ब'ची एकेचाळीस मुले-मुली घरी जायला तयार नव्हती.

"लिव," विपुल म्हणाला. "प्रति, मुख्याध्यापक. इषय, आमच्यावर झालेला अन्याय."

"अन्याय नको लिवू," मागून कुलदीपने सांगितले. "सरायले वाटन, हे पयलेपासून रडतेच."

"मंग काय लिवाचं, आनंद झाला म्हनून?" विपुलने विचारले.

आचलने दोघांचेही ऐकले नाही. 'विषय : प्रश्न क्रमांक पाच रद्द करण्याबाबत' असे लिहून तिने त्याखाली रेघ मारली. वर्गात तिचे अक्षर सर्वांत चांगले होते, त्यामुळे अर्ज तिच्याकडे आला होता.

पूर्वपरीक्षेचा पेपर तालुक्यातल्या बारा शाळांना एकच होता. तो सगळाच अवघड होता. आकृती अर्धी छापून उरलेली पूर्ण करायला सांगितली होती, दोन प्रश्न असे फिरवून विचारले होते की उत्तर कुठल्या धड्यात शोधायचे हेच कळत नव्हते. शेवटच्या घंटेला पाच-सहा जण अजून चौथ्या प्रश्नावर होते. पण राग होता तो पाचव्यावर. दरवर्षी दोन प्रश्न देऊन एक सोडवायला सांगतात. या वेळी एकच होता, सक्तीचा, पाच गुणांचा. आचलने प्रश्नपत्रिका उलगडली आणि तो जसाच्या तसा अर्जात उतरवला. 'संत्र्याच्या बागेला डिसेंबर-जानेवारीत काही आठवडे पाणी देत नाहीत. यामागचे शास्त्रीय कारण लिहा. पाणी पुन्हा सुरू करताना कोणती काळजी घ्याल?'

कुलदीपने पुस्तकाची अनुक्रमणिका दोनदा वरून खाली वाचली. असा धडा नव्हता.

शाळेच्या तारेच्या कुंपणाला लागून बागच होती. वरूडच्या या अंगाला शाळा, दवाखाना, स्मशान, काहीही बांधा, शेजारी संत्र्याचीच झाडे येतात. कुंपणापलीकडच्या झाडांची पाने नळीसारखी वळली होती आणि खालची माती भेगाळली होती. त्याबद्दल कोणी काही बोलले नाही. एकेकाने येऊन सही केली. पहिली आचलची होती, एकेचाळिसावी विपुलची. शेवटच्या सहीला वजन असते, असे त्याचे म्हणणे होते.

आचलने परीक्षेच्या खोलीतच हिशेब केला होता. बाकीच्या पस्तिसात सव्वीस. मनोजने, तिच्या वडिलांनी, दिवाळीत मावशीच्या देखत अट घातली होती. पूर्वपरीक्षेत विज्ञानाला सत्तर टक्के आले तर अकरावीला अमरावती, मावशीकडे राहून सायन्स. नाही आले तर गावातले कॉलेज, कला शाखा. बोर्डाचा निकाल लागेपर्यंत अमरावतीतल्या शिकवण्या भरून जातात, म्हणून निर्णय फेब्रुवारीतच व्हायचा होता. मनोज एकदा बोललेले बदलत नसत. या पेपरात चाळीसपैकी अठ्ठावीस हवे होते. प्रश्न रद्द होऊन सर्वांना पाच मिळाले, तर एकतीस होत होते.

आचल आणि विपुलने नेलेला अर्ज मुख्याध्यापक उत्तमराव ढोमणे यांनी उभ्यानेच वाचला. पेपर तालुक्याहून मोहोरबंद येतो, तो कोण काढतो हे त्यांनाही सांगत नाहीत, असे ते म्हणाले. तपासणे मात्र आपल्या शाळेकडे आहे, तेव्हा खेरडे मॅडम ठरवतील ते ठरवतील. त्यांनी मॅडमना बोलावले.

साधना खेरडे मूळच्या अकोल्याच्या. सहा वर्षांपासून इथे विज्ञान शिकवत होत्या. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काखेत घेऊनच त्या आल्या आणि अर्ज वाचून खाली ठेवला.

"कोणीच लिहिलं नाही?"

"पुस्तकात नायी, मॅडम," विपुल म्हणाला.

त्यांनी गठ्ठ्याची सुतळी सोडली. वरच्या सात-आठ उत्तरपत्रिकांचे शेवटचे पान उलटून पाहिले, मग मधल्या दोन-तीन काढून पाहिल्या. त्यांनी सुतळी पुन्हा बांधली. उद्या सांगते, एवढे बोलून त्या गेल्या.

"झालं," बाहेर आल्यावर विपुल म्हणाला. "पाच पक्के."

आचल सायकल घेऊन थेट वावरात गेली. आजोबा वामनराव तिसऱ्या ओळीत उकिडवे बसले होते. त्यांनी एक पान तोडले, मुठीत चुरले, कानाजवळ नेऊन त्याचा आवाज ऐकला आणि टाकून दिले. बागेचे पाणी तोडून सदतीस दिवस झाले होते.

"अजून चार दिवस," ते म्हणाले. "पेपर कसा गेला वं?"

तिने प्रश्न सांगितला. वामनराव हसले.

"हे इचारलं? मंग त जमलंच असन."

आचलने खाली पडलेले चुरलेले पान उचलले. आजोबांना वाटले, तिला खरेच आले नाही. म्हणून त्यांनी सांगायला सुरुवात केली. तिने हे दर हिवाळ्यात ऐकलेले होते. झाडाला पाणी मिळत राहिले की ते नुसता पाला देते. तहानले म्हणजे वाढणे थांबवते आणि मग त्याला फुलाची आठवण येते. पहिले पाणी हलके द्यायचे. एकदम लोटले तर फूल जाते, पुन्हा पालाच फुटतो.

"मले येत होतं, आबाजी."

"मंग काऊन नायी लिवलं?"

"मनाचं लिवलं त मॅडम एक गुण कापतेत."

वामनराव गुडघ्यावर हात टेकून उठले. धोतराची माती झाडली.

"हे काय माह्या मनाचं हाय?" ते म्हणाले. "झाडाचं हाय."

घरी आल्यावर आचलने फाइलमधून सप्टेंबरच्या घटक चाचणीचा पेपर काढला. 'शाकीय प्रजनन उदाहरणासह स्पष्ट करा.' पुस्तकात बटाट्याचे डोळे आणि पानफुटीचे पान होते. आचलने जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून कलम करण्याबद्दल लिहिले होते: साल कशी चिरायची, डोळा कुठल्या फांदीचा घ्यायचा, पट्टी किती घट्ट बांधायची. अकरा वर्षांची असल्यापासून ती आजोबांबरोबर डोळे भरत होती. शेजारी लाल शाईत होते, 'मनाचे लिहू नये', आणि त्याखाली वजा एक. ते उत्तर मॅडमनी वर्गात वाचूनही दाखवले होते. अपमान करायला नव्हे, सावध करायला. बोर्डाच्या तपासनिसाकडे नमुना उत्तर असते, त्याबाहेर पाय टाकाल तर पाय कापला जाईल, असे त्या म्हणाल्या होत्या. त्यानंतर वर्गात कोणी स्वतःचे लिहिले नव्हते. आज परीक्षेत आचलने पाचव्या प्रश्नाखाली 'झाडाला' हा एक शब्द लिहिला होता आणि मग तो खोडला होता.

दुसऱ्या दिवशी ती दुसरा अर्ज लिहूनच शाळेत आली. 'प्रश्न क्रमांक पाच रद्द करू नये. उत्तर लिहिण्यासाठी वीस मिनिटे द्यावीत. जे लिहू त्याला मनाचे म्हणून गुण कापू नयेत.' सायकल स्टँडवर तिने तो सगळ्यांसमोर ठेवला.

विपुलने वाचला आणि परत दिला.

"भरल्या ताटाले लाथ मारून राह्यली तू. पाच फुकट भेटून राह्यले, ते सोडून पुन्हा पेपर देवाचा?"

"तुले येत नायी का त्याचं उत्तर?"

"येनं न येनं हा प्रश्नच नायी. माह्या घरी अडीचशे झाडं हायेत."

"मंग फुकट कायले घेतं?"

कुलदीप म्हणाला, हिला अमरावतीची हवा आत्तापासूनच लागली. दोघी-तिघी हसल्या. सही कोणी केली नाही. घंटा होईपर्यंत अर्ज तिथेच राहिला आणि त्याच्याखाली एकच नाव राहिले.

शिक्षकांच्या खोलीत मॅडम एकट्याच होत्या. आचलने अर्ज त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो वाचला आणि कालचा अर्ज पर्समधून काढून शेजारी ठेवला.

"हा प्रश्न कोणी काढला, माहीत आहे?"

आचलने नकारार्थी मान हलवली.

"मी. सांगायचं नसतं, पण सांगते. समितीतले बाकीचे दोघे नको म्हणत होते. सगळ्या शाळांना जमणार नाही म्हणाले. मी अडून बसले." त्यांनी चष्मा काढला. "मला वाटलं, पेपर अवघड आहे, निदान एवढे पाच गुण माझ्या वर्गाला घरचे मिळतील."

आचलने दप्तरातून चाचणीचा पेपर काढून दोन्ही अर्जांवर ठेवला. मॅडमनी आपले अक्षर ओळखले.

"बोर्डाचा पेपर कुठल्या गावी तपासायला जाईल, सांगता येतं का? तिथल्या माणसाला जंबेरी माहीत नसते. मी तुमचे गुण वाचवत होते, आचल."

"आमीबी वाचवले, मॅडम," आचल म्हणाली. "एकेचाळीस जनायनं. एकेक गुण वाचवाले पाच-पाच सोडले."

खोलीबाहेर प्रार्थनेसाठी रांगा लागत होत्या. मॅडमनी पेपर घडी करून तिच्या हातात दिला आणि दोन्ही अर्ज एकात एक घातले.

तिसऱ्या तासाला त्या वर्गात आल्या तेव्हा त्यांच्या हातात कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता. त्यांनी फळ्यावर पाचवा प्रश्न लिहिला. दोन अर्ज आले आहेत, त्यातला एकेचाळीस सह्यांचा मी नामंजूर करते, दुसरा मंजूर, वेळ वीस मिनिटे, असे त्या म्हणाल्या. ज्याला कोरा ठेवायचा त्याने कोरा ठेवावा; कोऱ्याला शून्य मिळेल.

विपुल उभा राहिला. काल सही करणारे एकेचाळीस, आज एकीचे ऐकता, हा कुठला न्याय, असे त्याने विचारले. त्याचा आवाज चढला होता.

"बरोबर आहे तुझं," मॅडम म्हणाल्या. "तेही लिही. मागच्या पानावर. त्याचेही गुण कापणार नाही."

त्यांनी लाल पेनाचे टोपण लावून ते टेबलावर आडवे ठेवले आणि घड्याळ काढून शेजारी ठेवले. मग पुढच्या बाकावर कोणीतरी तारीख घातली. तेराव्या मिनिटाला मागून आवाज आला. विपुलला पुरवणी हवी होती.

आचलचे उत्तर अर्धे पानच झाले. तिने पहिले वाक्य आजोबांचे लिहिले, त्याखाली आपले कारण दिले, आणि लिहिताना एकदाही खोडले नाही. वेळ संपली तेव्हा टेबलावर एकेचाळीस कागद होते. कोरा एकही नव्हता.

मॅडम तिथेच बसून वाचू लागल्या. पाच-सहा कागद झाल्यावर त्यांनी पर्समधून एक टंकलिखित पान काढले. नमुना उत्तर होते. एकदा कागद, एकदा ते पान, असे त्यांनी दोन-तीनदा पाहिले.

"पहिलं पाणी हलकं. या सगळ्यांनी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे 'योग्य प्रमाणात' एवढंच आहे. हलकं म्हणजे किती?"

मॅडम खरेच विचारत आहेत की परीक्षा घेत आहेत, ते कोणाला कळेना.

"चार बोटं," अखेर विपुल म्हणाला. त्याने हात पुढे करून बोटे आडवी धरली. "मातीत हात घालून पाहाचं. चार बोटं ओल उतरली का बंद."

"आणि मुरमाड जमीन असेल तर?"

"तं मंग पाच. आमची काळी हाय, मॅडम."

मॅडमनी लाल पेनाचे टोपण काढले आणि नमुना उत्तराच्या कडेला ते लिहून घेतले.

तास सुटल्यावर त्यांनी आचलला थांबवले. गुण शुक्रवारी कळतील, आधी सांगणार नाही, असे त्या म्हणाल्या. आचलने विचारलेही नव्हते.

"तो चाचणीचा पेपर दे इकडे."

आचलने दिला. मॅडमनी तो टेबलावर सपाट केला, 'मनाचे लिहू नये'वर रेघ मारायला पेन टेकवले. आचलने आपला तळहात त्या ओळीवर ठेवला.

"राहू द्या, मॅडम."

"का गं?"

"हा असाच मले अमरावतीले न्यायचा हाय. तिथं मनाचं लिवाचं भेव वाटलं त काढून पाहीन."

मॅडमनी हात मागे घेतला. आचलने पेपर जुन्याच घड्यांवर दुमडला, विज्ञानाच्या पुस्तकात ठेवला आणि दप्तराची चेन लावली. खिडकीतून पलीकडची बाग दिसत होती. तिथे कोणीतरी दोन झाडांमधली माती हाताने उकरून पाहत होते.