पडण्याआधीचं दुखणं

चाळीस वर्षं पोहायला शिकवल्यामुळे त्यांना सगळे मासोळीबाई म्हणत. वय एकाहत्तर. उजवा खुबा आठ वर्षांपूर्वी बसवलेला, कृत्रिम. एका सकाळी तलावाच्या ओल्या फरशीवर पाय सरकला आणि त्या खुब्याची धातूची दांडी मांडीच्या हाडात जिथे रुतलेली असते, नेमकं तिथेच हाड मोडलं.

इस्पितळात हाडांची डॉक्टर तरुण होती, पण घाई करणारी नव्हती. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "बाई, पडायच्या आधी इथे दुखत होतं का?"

"छे! ठणठणीत होते मी," बाई म्हणाल्या. लेक शेजारीच उभी होती.

रक्ताचा अहवाल आला. सुजेचा आकडा चांगलाच चढलेला.

"म्हणजे आत जंतू आहेत?" लेकीने विचारलं.

"तेच तर कळत नाही," डॉक्टर म्हणाली. "हाड मोडलं की हा आकडा चढतोच. जंतू असले तरी चढतो. जंतू असताना वरून धातूची पट्टी ठोकली, तर हाड जुळणार नाही. नसताना सगळा सांधा उपसून काढला, तर आईंना उगाच दोन-दोन शस्त्रक्रिया."

दुपारी वेदनेवरचं औषध दिलं आणि बाई गुंगीत गेल्या. पलंग हलकेच हलू लागला. छतावर निळसर उजेड डुलत होता, पडद्याच्या घड्या लाटांसारख्या येत होत्या, जात होत्या. पाण्याखालून ऐकू यावेत तसे सगळे आवाज जाडसर झाले होते. पायच नव्हता जणू, त्यामुळे दुखणंही नव्हतं. कुणीतरी मनगट धरलं. बाईंना वाटलं, पहिल्यांदाच खोल पाण्यात उतरलेली एखादी विद्यार्थिनी घाबरली आहे.

"घट्ट धरू नकोस, पोरी. अंग सोड. पाणी उचलतं," त्या पुटपुटल्या. "माझी मांडी रात्रभर तापते बघ. दोन महिने झाले. सकाळी पाण्यात उतरले की कशी गार पडते! माझ्या लेकीला सांगू नकोस हं. तलाव बंद करेल माझा."

मनगट धरणारी डॉक्टर नाडी मोजायचं विसरली.

पण गुंगीतल्या बोलण्यावर तिने भिस्त ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी बाई पूर्ण शुद्धीवर आल्यावर ती खुर्ची ओढून बसली. "काल तुम्ही मांडी तापते म्हणालात. खरं का?"

बाईंनी लेकीकडे पाहिलं. मग नजर चादरीवर. "खरं आहे. रात्री ठणकायची. पाऊल टाकलं की पहिली दोन पावलं जीव जायचा."

"आणि तू मला ताकास तूर लागू दिली नाहीस?" लेक म्हणाली. "मी काय वैरीण आहे तुझी?"

"वैरीण नाहीस गं. पण तू नको म्हणाली असतीस, आणि मला ऐकावं लागलं असतं."

लेक उठून खिडकीशी गेली. मग तिथूनच म्हणाली, "डॉक्टर, आता पुढे काय?"

सांध्यात सुई घालून पाणी काढलं. त्यात फ्रॅक्चरचं रक्त मिसळलेलं, त्यामुळे जंतूंशी लढणाऱ्या पेशींची मोजणीही काठावरच आली. पण मोडण्याच्या आधीचं दुखणं आता हिशेबात होतं. डॉक्टरने पट्टीचा बेत सोडला. शस्त्रक्रियेत दांडी नुसत्या हाताने हलली, इतकी सैल झाली होती. तिने सहा वेगवेगळ्या जागचे हाडामांसाचे तुकडे तपासणीला पाठवले, जुना खुबा काढला आणि जागा धरून ठेवायला औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा बसवला.

प्रयोगशाळेत पहिले सात दिवस काहीच उगवलं नाही. "चौदा दिवस तरी ठेवायचं. काही जंतू आळशी असतात," डॉक्टर रोज तेच सांगायची. बाई रोज डोळे मिटून ते तुकडे ठेवलेल्या काचेच्या बशीची कल्पना करत. चंद्रासारखी स्वच्छ, निवांत बशी.

नवव्या दिवशी एका तुकड्यात, मग आणखी तीन तुकड्यांत, तोच जंतू दिसला. डॉक्टरने अहवाल दाखवला, तेव्हा लेक रडली आणि बाई चक्क हसल्या. "सापडला ना एकदाचा!"

सहा आठवडे औषधं चालली. मग आणखी काही आठवडे नुसती वाट पाहणं. आकडे उतरले, सुईने काढलेलं पाणी स्वच्छ निघालं आणि नवा खुबा बसला. पाय मात्र अर्धा इंच आखूड राहिला.

म्हणून एका दुपारी दोघी चपला शिवणाऱ्याकडे गेल्या. त्याने उजव्या बुटाचा तळ जाड करून दिला. "उभ्या राहा बघू सरळ," तो म्हणाला. बाई उभ्या राहिल्या. बाहेर रस्त्यावर उन्हाचा पिवळा धूर पसरला होता, माणसं त्यातून सावकाश चालली होती. लेकीने हात पुढे केला, बाईंनी तो धरला. कोपऱ्यावर बस आली.

"चढायचं?" लेकीने विचारलं.

"जाऊ दे तिला," बाई म्हणाल्या. दोघी तशाच पुढे चालत राहिल्या.