दुपारचा वर्ग

"आता सगळ्यांनी दोन्ही हात वर करायचे," विनिता म्हणाली.

कोणीच केले नाहीत. पुढच्या रांगेतली पोरं एकमेकांच्या अंगावर रेलून झोपली होती, मागचं एक बसल्या जागी डुलक्या घेत होतं आणि सोमी तर तोंड उघडं टाकून सरळ आडवी झाली होती. समोर सिंगापूरहून आलेले पाहुणे एकसारखे पिवळे टी-शर्ट घालून, हात वर करून उभे होते. मोबाईलवर गाणं वाजत होतं. गाण्यात सूर्य उगवत होता, फुलं डोलत होती, आणि पाहुण्यांतला एक उंच तरुण मनापासून डोलत होता.

तान बाईंनी गाणं बंद केलं. त्या पाहुण्यांच्या म्होरक्या. आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. आता चर्चमधल्या मंडळींना घेऊन दरवर्षी कुठल्या ना कुठल्या देशात मुलांना शिकवायला जायच्या.

"मुलांना बरं नाही का?" त्यांनी इंग्रजीत हळूच विचारलं.

"बरं आहे. त्यांची झोपायची वेळ आहे."

"सकाळी नऊ वाजता?"

विनितानं पहिल्या दिवशी सांगितलेलं पुन्हा सांगितलं. वीटभट्टीवर माणसं मध्यरात्र उलटली की कामाला लागतात. आईबाप चिखल साच्यात भरून विटा पाडतात, पोरं आदल्या दिवशीच्या कच्च्या विटा उलटून ठेवतात. ऊन चढलं की सगळं घर भाकर खाऊन झोपतं. पोरं उठतात ती दुपार कलल्यावर.

"माझी आई वर्ग दुपारीच घ्यायची," ती म्हणाली.

हे बोलणं तान बाईंपेक्षा ऑल्विनसाठी होतं. ऑल्विन ठाण्याच्या संस्थेचा माणूस. पाहुण्यांची ने-आण, जेवणखाण, सगळं त्याच्याकडे. तो हातातल्या फोनवरून नजर न काढता म्हणाला, "मॅडम, शेड्यूल कधीच फायनल झालंय. दुपारी लंच, मग कल्याणच्या हॉस्टेलला व्हिजिट. आणि बस एकदा धामणकर नाक्यावर अडकली ना, की संपलंच."

"मग याला वर्ग तरी कशाला म्हणायचं? झोपलेल्या पोरांसमोर नाच चाललाय."

"झोपलेली आपण फोटोत घेत नाही," ऑल्विन हसत म्हणाला. त्याला वाटलं, विनिताही हसेल.

ती हसली नाही. तिनं सोमीच्या डोक्याखाली आपली ओढणी घडी करून सरकवली आणि पुढच्या गाण्यासाठी उभी राहिली.

भट्टीवरची माणसं कच्च्या विटा रचून, वर पेंढा टाकून मोसमापुरती खोपटी उभारतात. त्यांना भोंगा म्हणतात. अंजूरच्या खाडीकाठच्या या भट्टीवर विनिताच्या आईनं, सीताबाईंनी, असाच एक मोठा भोंगा मालकाकडून मागून घेतला होता. दिवाळीनंतर मोखाड्याकडची कुटुंबं भट्टीवर उतरली की पोरांची गावची शाळा सुटायची ती थेट पावसापर्यंत. सीताबाई तेवढ्या मोसमात त्यांचा वर्ग घ्यायच्या. घरची शेतं गोदामांना गेली, जिथं भात पिकायचा तिथं कंटेनर उभे राहिले, दारात गाडी आली. सीताबाईंचं दुपारी डोक्यावर पदर घेऊन खाडीच्या बांधावरून भट्टीकडे जाणं काही सुटलं नाही. नातेवाईक म्हणायचे, "पाटलीन चालली साळंला." त्या म्हणायच्या, "तुमी पन चला, पाटी देते."

भाद्रपदात त्या गेल्या. गौरी जाऊन आठवडाही झाला नव्हता.

दिवाळीनंतर कुटुंबं नेहमीसारखी आली, पण भोंग्यात लडकू शेठनं भट्टीसाठी आणलेलं भाताचं तूस भरून ठेवलं. विनिताच्या कानावर ते आलं होतं. गोदामाच्या ऑफिसात ती डिस्पॅच सांभाळायची. भट्टी तिथून हाकेच्या अंतरावर. पण तिकडे तिचे पाय वळत नव्हते. मग ऑल्विन आला. पाहुण्यांना शिकवायला मुलं हवी होती आणि कोणीतरी त्याला सीताबाईंचं नाव सांगितलं होतं. विनितानं रजा टाकली, दुभाषी व्हायला तयार झाली. पैसे नकोत म्हणाली. तिला फक्त एक हवं होतं. पाहुणे गेल्यावर संस्थेनं मोसम संपेपर्यंत एक शिक्षिका द्यावी आणि आईचा वर्ग चालू राहावा.

"प्रपोजल टाकू ना," ऑल्विन म्हणाला होता. तिनं रोज विचारलं. रोज प्रपोजल होतं तिथंच होतं.

लडकू शेठ तर सरळच बोलला. तो तिच्या वडिलांचा चुलतभाऊ, म्हणून काका. "पाव्हने हायेत तवर तुजा भोंगा, विने. ते गेले का माजं तूस आत. भट्टी हाय ही, शाला न्हाय."

हे सगळं तिनं गिळलं असतं. गिळवत नव्हती ती दुसरीच गोष्ट. भट्टीवर येऊन तिला इतके दिवस झाले, आणि तिथल्या एकाही बाईनं, एकाही बाप्यानं आईचं नाव काढलं नव्हतं. ज्यांच्या पोरांसाठी आईनं उन्हातान्हात तंगडतोड केली, त्यांना "बाय गेली, वाईट झालं" एवढंही म्हणावंसं वाटू नये? त्या नुसत्या हसायच्या, पोरांना पुढे ढकलायच्या, कामाला निघून जायच्या.

संध्याकाळी तिनं हे वडिलांपुढे काढलं. केसरीनाथ ओसरीवर बसून शेंगा सोलत होते.

"तुज्या आयशीनं कोनाच्या चार शब्दांसाठी केलं व्हतं काय?" ते म्हणाले.

"तिनं नसेल. मला लागतात."

"मग त्या सिंगापूरवाल्यांना बोल. ते रोज दहादा थँक्यू बोलतात." मग जरा थांबून, आवाज उतरवून म्हणाले, "जेवून घे. भाकरी झाकलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बस आलीच नाही. ऑल्विनचा वैतागलेला फोन आला. तान बाईंनी हॉस्टेलची भेट रद्द केली होती. वर्ग दुपारी.

दुपारी भोंगा जागा झाला. पोरं डोळे धुऊन, केसांना पाणी लावून, धावत आली आणि कोणी काही सांगायच्या आत जोड्या करून बसली. एक मोठं, एक लहान. ही सीताबाईंची रीत. मोठ्यानं लहानाला शिकवायचं; लहानाला नाही आलं तर बोलणी मोठ्यानं खायची. पाहुण्यांना काही कामच उरलं नाही. शेवटी तेही पोरांच्या शेजारी मांड्या घालून बसले. दिपिका नावाच्या एका पोरीनं उंच तरुणाला पाटीवर 'क' काढायला लावला.

"याला काय पन येत न्हाय," तिनं जाहीर केलं. "बोट धरून शिकवाया लागंल."

तान बाई खळखळून हसल्या. विनितालाही बऱ्याच दिवसांनी हसू आलं. वाटलं, ऑल्विननं हे बघितलं तर तो नाही म्हणूच शकणार नाही. पण ऑल्विन बाहेर फोनवर होता.

दिपिकाच्या तावडीतून सुटून उंच तरुण दाराजवळच्या मोकळ्या जागेत बसायला गेला. सोमी ताडकन उठली.

"तिथं नको! ती बायची जागा हाय."

विनिताकडे वळून ती म्हणाली, "ताई, बाय कवा येल?"

विनिताला आधी कळलंच नाही. "कोण बाय?"

"आपली बाय. तुजी आई. शेठ बोलला, बरं न्हाय तिला, बरी झाली का येल. आता हे पाव्हने पन चालले. मग येल ना?"

जोड्यांतलं बोलणं थांबलं होतं. सगळी पोरं विनिताकडे बघत होती. त्या नजरेत उत्सुकतेपलीकडे काही नव्हतं.

"तुझा बाबा उठलाय का, सोमे?" विनितानं विचारलं.

सोमीचा बाप जान्या आपल्या भोंग्याबाहेर फावड्याचा दांडा बसवत होता. विनिता त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि तिनं सांगितलं. फिरवून सांगायला तिला जमलं नाही. जान्याचे हात थांबले. आतून त्याची बायको तुळजा आली, पुन्हा एकदा ऐकून घेतलं आणि जमिनीवर बसली.

"कवा?" जान्यानं विचारलं.

"भादव्यात."

"तवा तं आमी पाड्यावरच व्हतो." त्यानं फावडं बाजूला ठेवलं. "पाड्याखाली यष्टी येते, ताई. आलो असतो ना मयताला. सगली आलो असतो."

"मला वाटलं, लडकू काकांनी सांगितलं असेल."

"शेठ कशापायी सांगल? बोलला, बाय आजारी हाय, ताईला इचारून तरास देऊ नका. बायचा वर्ग हाय म्हनून आमी याच भट्टीवर येतो, त्याला म्हाईत हाय." मग त्यानं मान वर केली. आवाज चढला नव्हता. "पर तू? समुद्रापल्याडची मान्सं बोलावलीस. आमाला एक निरोप न्हाय?"

जान्याचा नंबर आईच्या फोनमध्ये होता. तो फोन तिनं आई गेल्यापासून उघडलाच नव्हता.

निरोपाचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळीच ठेवावा लागला, कारण संध्याकाळी विमान होतं. भोंग्यावर फुगे लागले. दप्तरं, रंगपेट्या, पाण्याच्या बाटल्या ओळीनं मांडल्या. ऑल्विननं बॅनर बांधून घेतला. आणि मूल एकही आलं नाही.

भट्टीवर माणूसच नव्हतं. रात्री कोणी चिखलात उतरलंच नव्हतं. साचे धुऊन उपडे घातलेले होते, काठाला विटांची नवी रांग नव्हती. एकाही चुलीतून धूर निघत नव्हता.

लडकू शेठ मोटारसायकल तशीच टाकून आला. "कोनी सांगितला यांना? तू?"

"मीच, काका. तुम्ही सांगायला हवं होतं."

"एन मोसमात भट्टी बंद! आनी उद्या उठून दुसरीकडं गेली म्हंजे? तुज्या आयशीच्या नावावर येतात ही लोका माज्याकडं, कलतंय काय तुला?"

"तिच्या नावावर येतात, आणि तिच्या भोंग्यात तूस?"

लडकू शेठ तंबाखूची डबी शोधू लागला.

"मुलं कुठं आहेत?" तान बाईंनी विचारलं.

विनितानं खाडीकडे बोट दाखवलं. मरणाची खबर कितीही उशिरा कळो, कळली की काम थांबवायचं, चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी पाण्यावर जाऊन आंघोळ करायची. हे सगळं सांगताना कोण गेलं हेही सांगणं आलं. पाहुण्यांना इतके दिवस तिनं एवढंच सांगितलं होतं की इथं आई शिकवायची. आई गेली, हे वाक्य इंग्रजीत फारच लहान निघालं.

तान बाईंनी डोक्यावरची टोपी काढली. मग आपल्या मंडळींकडे वळून त्यांनी फुगे उतरवायला सांगितले. उंच तरुण बॅनरची दोरी सोडू लागला, तसा ऑल्विन कळवळला. "निदान एक ग्रुप फोटो? संस्थेला रिपोर्ट द्यायचा असतो, मॅडम."

"आज नाही," तान बाई म्हणाल्या. सामान त्यांनी आत भिंतीशी लावायला लावलं. विनिताचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "मी पुढच्या वर्षी येईन." विनितानं मान हलवली. पुढच्या वर्षाचं तिला आत्ता काही करता येण्यासारखं नव्हतं.

बसमध्ये चढणाऱ्या ऑल्विनला तिनं विचारलं, "शिक्षिकेचं काय?"

"टाकतो ना प्रपोजल," तो म्हणाला.

बस गोदामांच्या रस्त्याला लागेपर्यंत ती उभी राहिली. मग बांधावरून खाडीकडे निघाली.

माणसं काठावर होती. बायका ओल्या लुगड्यांनी उन्हात बसलेल्या, पोरं कुडकुडत एकमेकांना बिलगलेली. कोणी रडत नव्हतं, कोणी मोठ्यानं बोलतही नव्हतं. तिला पाहून तुळजानं अंग चोरून जागा केली.

जान्या उठून समोर आला. केसांतून पाणी गळत होतं.

"एकच इचारायचं हाय," तो म्हणाला. "पाव्हने गेले. आता तू येनार का न्हाय?"

"गोदामात सकाळची ड्युटी मागून बघते. मिळाली तर दुपारी…"

"तर नको, ताई." त्यानं तिला तोडलं. "न्हाय बोललीस तरी राग न्हाय. पर सांग. पोरांना वाट बघाया लावू नको."

तिच्या डोळ्यांपुढून गोदामातला साहेब गेला, त्याचं "बघू" गेलं. लडकू काका, तुसाची पोती, प्रपोजल गेलं. यातलं काहीच तिच्या हातात नव्हतं. सोमी आईच्या पदराआडून एकटक बघत होती.

"येणार," विनिता म्हणाली.

जान्यानं मान डोलावली आणि वाटेतून बाजूला झाला.

तिनं चपला काढल्या आणि नेसल्या कपड्यांनी पाण्यात उतरली. ओहोटी लागली होती. पाणी गुडघ्याच्या वर नव्हतं. डोक्यावरून घ्यायचं तर खाली बसावं लागणार होतं. ती खाली बसली.