राख मी झाडली

मी फडा बोलतोय. शिंदीच्या पानांचा, रोज घर झाडायचा. पुण्याकडचे लोक मला झाडू म्हणतात. नागपुरात, आमच्या मोहल्ल्यात, मी फडाच.

पारशिवनीकडच्या एका बाईनं मला बांधलं आणि दारोदार विकताना रंभाबाईंच्या हाती दिलं. घर विणकरांचं. त्यांचे यजमान मारोतराव यांनी हातमाग कधीच मोडीत काढला होता, पण उरलेल्या सुताच्या लडी टाकल्या नव्हत्या. समोरच्या खोलीत भिंतीशी त्यांचा गठ्ठा होता. त्याच्या कडेकडेनं मला फिरवताना रंभाबाई रोज कुरकुरायच्या.

"हे एकदाचं विकून टाका ना."

"राहू दे वं. तुह्यासारखंच जुनं झालं. कोन घेते?"

त्याच भिंतीवर वर देवाची लाकडी फळी होती, फळीवर निरांजन. खाली, गठ्ठ्यामागे, कूलरचा प्लग लावायचा बोर्ड.

मे महिन्यातल्या त्या दुपारी रंभाबाईंनी निरांजन लावलं, मारोतरावांना जेवू घातलं आणि शेजारच्या भागीरथाबाईंच्या गच्चीवर कुरड्या उलटायला गेल्या. सून हर्षा दवाखान्यात कामावर होती. मारोतराव कूलरसमोर झोपले. मी मागच्या अंगणात भिंतीला टेकून होतो. मला आधी वास आला, मग आरडाओरडा ऐकू आला. मारोतराव धुरानं झोपेतच गेले.

आग विझल्यावर पोलिसांनी बजावलं, "उद्या तपासणीच्या मॅडम येतील. तोवर आत कशालाही हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी भागीरथाबाई आल्या. "काहून तसंच ठेवलं वं, हर्षा? आता मातीले पाहुणे येतील. राखेत बसवते काय त्यायले?"

"पोलीस नाही म्हणाले ना, मावशी."

"सामानाले म्हणाले असतील. कचऱ्याले कोन पाहते?"

हर्षानं मला उचललं. दोष तिला देऊ नका. सासऱ्यांना शेवटचं आणायचं त्या घरात राख नसावी, एवढंच तिच्या मनात होतं. आपल्याकडे दुःख आलं की माणसं आधी घर स्वच्छ करतात, हे मी बऱ्याच घरांतल्या फड्यांकडून ऐकलं आहे.

राखेच्या ढिगात वर फळीचा कोळसा होता, त्यात निरांजन. खाली सुताची मऊ राख. अगदी तळाशी, फरशीला चिकटलेला, प्लगचा तुकडा. माझ्या काड्या त्याला अडखळल्या. त्याच्या दोन पितळी पिना होत्या. एक साबूत, नुसती काळी. दुसरी अर्धी वितळून गेलेली. मला तेव्हा त्याचं काय कळणार? मी जोर लावला, तो सुटला. सगळं मिळून टोपल्यात गेलं आणि टोपलं घंटागाडीत.

तपासणीच्या रितिका मॅडम साडेदहाला आल्या. स्वच्छ फरशी पाहून दारातच थांबल्या. मग भिंतीपाशी उकिडव्या बसल्या.

"ज्वाळा वर जाताना पसरते," त्या हर्षाला म्हणाल्या. "बघा, काळा डाग वर रुंद आहे, खाली निमुळता. सुरुवात इथं, गठ्ठ्यामागे. जळायला सूत होतं, हवा कूलर देत होता. पेटवलं कशानं, तेवढंच पाहायचं."

कोपऱ्यातून रंभाबाई बोलल्या. "माह्या निरांजनानं. उंदरानं वात ओढून नेली असंल. म्याच जाळलं त्यायले."

"आजी, थांबा. आधी प्लग पाहू द्या. बाहेरच्या आगीत दोन्ही पिना बहुतेक सारख्याच जळतात. ढिल्या प्लगमध्ये आतूनच तापलं, तर एकच वितळते, दुसरी राहते. तसं दिसलं, तर वातीचा प्रश्नच नाही. प्लग कुठे आहे?"

हर्षानं माझ्याकडे पाहिलं. मी दाराशी उभा होतो, काड्यांची टोकं काळी.

"घंटागाडी... गेली, मॅडम."

मॅडम रागावल्या नाहीत. घंटागाडीच्या माणसाला फोन लावला, स्वतः कचऱ्याच्या ढिगापर्यंत जाऊन आल्या. हात रिकामे होते. "अहवालात जे पाहिलं तेवढंच लिहिता येतं," जाताना म्हणाल्या.

महिन्यानं कागद आला. हर्षानं वाचून दाखवला: आगीचे कारण निश्चित करता आले नाही.

"म्हंजे मीच ना वं?"

"असं कुठं लिहिलं, आई?"

"नाही असंही नाही ना लिहिलं."

त्या दिवसापासून रंभाबाईंनी देवापुढे दिवा लावलेला नाही. नव्या फळीवर देव आहेत, फुलं आहेत. काडीपेटी हातात आली की त्या ती तशीच हर्षाकडे देतात.

हर्षा मला फेकायला निघाली होती. "माझ्या डोळ्यासमोर नको हा," म्हणाली. रंभाबाईंनी मला तिच्या हातून घेतलं. "राहू दे. त्याची काय चूक?"

मी आता निम्मा झिजलोय. फार दिवस उरलेले नाहीत. म्हणून सांगतो: घर जळालं, तर आम्हा फड्यांना लगेच आत नेऊ नका. पाहुण्यांना अंगणात बसवा. राख जशी पडली तशी दोन दिवस पडून राहू द्या. कुणाची तरी सुटका तिच्यात असू शकते.

तुम्हाला माझं ऐकू येतंय. रंभाबाईंना येत नाही. रोज सकाळी त्या मला हातात धरून ती फरशी झाडतात, आणि मी रोज त्यांच्या मुठीत म्हणत राहतो, बाई, एक पिन साबूत होती.