पहिलं अक्षर चिकटेना

सात महिने झाले तरी फिल्मवर पट्टा उमटत नव्हता. मॅडमच्या हाताखालच्या संशोधकांत ती वयाने सगळ्यांत लहान, म्हणून प्रयोगशाळेत तिला सगळे छोटी म्हणत. काम मात्र मोठं होतं. अ‍ॅडिनोव्हायरस आपल्या डीएनएची नक्कल करायला सुरुवात कशी करतो, ते तिला नळीत घडवून दाखवायचं होतं.

नक्कल उतरवणारं विषाणूचं प्रथिन कामाला वाघ, पण कोऱ्या जागेवर पहिलं अक्षर काही त्याला लिहिता येत नाही. त्यासाठी विषाणूचंच दुसरं प्रथिन स्वतःचं अंग पुढे करतं, पहिलं त्यावर ते अक्षर चिकटवतं आणि मग गाडी पुढे सरकते. छोटीने ही जोडी शुद्ध करून नकलेसाठी विषाणूच्या डीएनएच्या कापलेल्या तुकड्याबरोबर नळीत घातली होती. अक्षराला किरणोत्सारी खूण लावली होती. ते चिकटलं की फिल्मवर काळा पट्टा यायलाच हवा. फिल्म आपली दरवेळी स्वच्छ!

"प्रथिनं मेली असतील," शेजारच्या टेबलावरचा खडूस म्हणाला. पाठीमागे आपल्याला काय म्हणतात ते त्याला माहीत होतं, आणि त्याची त्याला खंतही नव्हती.

"नाही हो, तपासलीत मी."

"मग तुझ्या हातात दोष असेल."

छोटीचं डोकं फिरलं, पण भांडायला वेळ नव्हता. गुरुवारच्या बैठकीत मॅडमनी आधीच बजावलं होतं, "आणखी पंधरा दिवस बघू, नाहीतर विषय बदलू."

त्या दुपारी तिने फळ्यावर सगळा प्रयोग पहिल्यापासून मांडला. खडूस चहाचा कप घेऊन मागे येऊन उभा राहिला.

"डीएनए हा इथे कापलास?"

"मी नाही कापला. फ्रीझरमध्ये तयार होता, निळ्या झाकणाच्या नळीत."

खडूसने कप खाली ठेवला. जाऊन आपली तीन वर्षांपूर्वीची वही काढली, पानं उलटली. परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"ती नळी माझी आहे. मी भलत्याच जागी कापलं. सुरुवातीची खूण डीएनएच्या अगदी टोकाला लागते, आणि इथे तिच्यापुढे चोवीस अक्षरं फुकटची लटकताहेत. तुझी प्रथिनं बिचारी काय करणार?"

छोटीला हसावं की रडावं कळेना. "अहो, सात महिने!"

"दे शिव्या."

"देणारच आहे. आधी नवा कापून द्या."

त्याने दोन दिवसांत दिला. शिवाय बैठकीत छोटीने तोंड उघडायच्या आत स्वतःच उठून चूक कबूल केली. मॅडमनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाल्या, "बसा."

पुढच्या मंगळवारी छोटीने फिल्म धुतली आणि काळोख्या खोलीतून अशी ओरडली की मॅडम फोन तसाच टाकून धावत आल्या. चौथ्या रकान्यात पट्टा होता! नक्कल करणारं प्रथिन मुद्दाम वगळलेला शेजारचा रकाना कोरा, म्हणजे ही फिल्मवरची घाण नव्हे.

खडूसने फिल्म उजेडात धरली. "फिका आहे."

"तुमच्या तोंडून कधी चांगलं निघेल का?"

"विषाणूचं तिसरं प्रथिन घालून बघ, गडद होईल," तो म्हणाला. ते त्याने सकाळीच बर्फावर काढून ठेवलं होतं.