गोदाच्या बरणीतले आम्ही हातखंबेकर

आम्ही जंतू बोलतोय. नाक मुरडू नका, आधी ऐकून तर घ्या. हातखंब्याला हायवेच्या कडेला ट्रकदुरुस्तीचं एक गॅरेज आहे. त्याच्या मागचा काळा चिखल हे आमचं मूळ घर. वर्षानुवर्षं तिथे डिझेल ठिबकत होतं. आमचे कितीतरी भाऊबंद त्यात गुदमरून मेले. आम्ही मात्र तेच तेल खायला शिकलो. आम्हांला मान नाही, पण असती तर ताठ ठेवली असती.

आम्हांला तोंडही नाही. साबणासारखा रस सोडून आम्ही तेलाचे बारीक थेंब करतो आणि अंगातल्या एन्झाइमांनी ते तोडून पचवतो. पोट भरलं की चिकट डिंक सोडतो, त्याने मातीचे सुटे कण एकमेकांना धरून राहतात. म्हणजे जेवायचं आणि जेवल्या घरची डागडुजीही करायची. माणसं पाहुणचार झोडतात आणि वर मीठ कमी म्हणतात.

दिवाळीनंतर वळणावर एक टँकर कलंडला. डिझेल उतारावरून गोदाच्या भाताच्या कुणग्यात, म्हणजे खाचरात, शिरलं. गोदाचा नवरा हयात नाही; वर्षाचा तांदूळ त्या एका कुणग्यातून यायचा. गवत करपलं, माती कोरडी ठणठणीत झाली, पाणी टाकलं तर वरच्या वर घरंगळायचं. तिचा दीर रामा मुंबईहून आला, बघून हळहळला. म्हणाला, "वयनी, ही जमीन मेली. मिरगापर्यंत काय उगवलं नाय, तर भराव टाकू आणि टपरीला देऊ."

गोदाची लेक नेत्रा रत्नागिरीच्या कॉलेजात जिवाणूंचा अभ्यास केलेली. ती थेट गॅरेजमागे गेली आणि बादलीभर चिखल घेऊन आली. गॅरेजवाले हसले. आम्ही नाही हसलो. आमची किंमत ओळखणारं पहिलंच माणूस भेटलं होतं!

तिने आम्हांला निळ्या पिंपात घातलं. गूळ, शेण, गोमूत्र, पाणी. सकाळ-संध्याकाळ बांबूने ढवळणं. आठ दिवसांत आम्ही इतके वाढलो की मोजायची सोय राहिली नाही. मग पिंप कुणग्यात ओतलं, वर शेण, भाताचा तूस आणि पाचोळा अंथरला, ओल टिकावी म्हणून. माघभर आम्ही ताव मारला. डिझेलचा वास कमी होत चालला.

आणि शिमगा आला. देवाची पालखी सहाणेवर, गावच्या चौथऱ्यावर, बसली, मायलेकी ओटी भरायला गेल्या. आदल्या रात्री गावी आलेला रामा सकाळी कुणग्याकडे फिरकला. शेणाचा थर, वर पाचोळा. कोकणातल्या कुठल्याही माणसाला हे बघून एकच वाटणार: पेरणीआधी जमीन भाजायला बायकांनी राब रचून ठेवलाय, पेटवायचा तेवढा राहिलाय. बिचाऱ्याने मदत म्हणून काडी लावली.

मायलेकी परतल्या तेव्हा तो घाम पुसत उभा होता. "वयनी, तुमची भाजावळ उरकून टाकली!"

नेत्राने पायाने राख उकरली. "काका, अहो, तो राब नव्हता." आमची लाखो लेकरं राख झाली होती. आम्हांला रडता येत नाही, ते त्या दिवशी कळलं.

"पिंप पण धुऊन पालथं घातलंय मी," नेत्रा रडत म्हणाली. "सगळं ओतलं होतं गो आये."

"सगळं विरजण कोण ओततं गो?" गोदा आत गेली आणि लोणच्याची जुनी बरणी घेऊन आली. "वाटीभर मी काढून ठेवलंय. कुणग्यातली तेलकट माती टाकते, चिमूटभर गूळ टाकते. रोज."

त्या बरणीत आम्ही होतो. नेत्राचं शिक्षण मोठं, नाही कोण म्हणतं! पण आम्हांला वाचवलं ते ताक घुसळणाऱ्या बाईच्या सवयीने, हे आम्ही छाती ठोकून सांगतो.

बरणीतले आम्ही पुन्हा पिंपात गेलो आणि रामाने रजा वाढवली. आठ दिवस तोच पिंप ढवळत होता, विहिरीचं पाणी वाहत होता. आम्ही पुन्हा कुणग्यात उतरलो. आगीने वरची चार बोटं मातीच भाजली होती. खाली तेल होतं आणि आम्हांला भूक होती.

मिरगाला गोदाने भात पेरलं. पाचव्या दिवशी हिरवे कोंब वर आले. टँकरच्या बाजूचा एक कोपरा अजून रुसलाय, खोटं कशाला सांगू. तिथे काम चालू आहे. बाकीच्या कुणग्यात आज भात पोटरीला आलंय, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात आहेत.

गणपतीला रामा घरी आला. आधी बांधावर गेला, मूठभर माती उचलली, दाबली. तिचा लाडू वळला. त्याने वास घेतला आणि कितीतरी वेळ ती मूठ सोडली नाही. "वयनी, भराववाल्याला नको म्हणून सांगितलंय," एवढंच म्हणाला.

आम्ही चुलीमागे बरणीत असतो. तुमच्या मातीत तेल सांडलं असेल तर खुशाल न्यायला या, गोदा देईल. फक्त सगळे ओतू नका, वाटीभर मागे ठेवा. आणि पाचोळ्याला काडी लावण्याआधी घरातल्या बाईला एकदा विचारा. रामा शिकलाय. परवा गणपतीपुढची समई लावायलाही काडी हातात धरून थांबला होता.

"वयनी," म्हणाला, "लावू ना?"